तळटीप : क्लाउडवरील साधनांची नोंदवही

४. साधनांची नोंदवही : संस्थेने क्लाउडवर घेतलेल्या व्हर्च्युअल मशीन, डिस्क, डेटाबेस आणि प्रवेशाधिकार यांच्याविषयीची माहिती इथे अभिप्रेत आहे, त्यांत साठवलेला मजकूर नव्हे. एखाद्या शेताचा सातबारा पाहा. त्यावर गटाचा धारक, क्षेत्र, पीक, बोजा असतो. खातेदाराच्या नावावरून शोधायचे तर आठ-अ. आणि बदल कसे होत गेले ते फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. क्लाउडलाही हेच विचारावे लागते : काय आहे, कोणाचे आहे, केव्हा बदलले. तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच राहून जातो. खासगी फायलींचा साठा जगाला खुला असल्याचे आज लक्षात आले, तर तो केव्हापासून खुला होता हे जुन्या नोंदींतूनच कळते. (कोणी खुला केला, त्यासाठी ऑडिट लॉग पाहावा.) गूगलची ‘क्लाउड ॲसेट इन्व्हेंटरी’ हा इतिहास ३५ दिवस ठेवते, त्यापुढचा हवा असल्यास नोंदी वेळोवेळी बिगक्वेरी या गूगलच्याच डेटा-कोठारात उतरवून घ्याव्या लागतात, मग त्यांवर एसक्यूएलने हवे ते विचारता येते. ॲमेझॉनचे ‘कॉन्फिग’ आणि मायक्रोसॉफ्टचे ‘रिसोर्स ग्राफ’ याच जातीचे. मायक्रोसॉफ्टच्या नोंदीत स्थान ‘सेंट्रल इंडिया’ दिसले तर ते पुणे समजावे. ‘कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुतेकदा साधनाला लावलेल्या लेबलांवर अवलंबून असते, म्हणून यंत्र उभारतानाच विभागाचे लेबल सक्तीचे करावे, असे आमचे ठाम मत आहे. – संपादक