डेसिबलला चिकटलेला ‘ए’

डेसिबलचं कूळ टेलिफोनच्या तारेत आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतले टेलिफोन-अभियंते आवाजाची घट चक्क मैलांत सांगत. ठरावीक जाडीच्या केबलमधून मैलभर गेल्यावर बोलणं जितकं मंदावतं, तितकी एक मैल घट. एवढा फरक माणसाच्या कानाला जेमतेम कळतो, हा योगायोग फार सोयीचा ठरला. १९२४ साली बेल कंपनीने मैल सोडून गुणोत्तर धरलं : शक्ती दसपट झाली की दहा एककं वाढायची. १९२८ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्यावरून त्या एककाचं नाव डेसिबल पडलं.

पण तारेला कान नसतो. तो जोडला बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी, १९३३ मध्ये. माणसांच्या कानाला रिसीव्हर लावून त्यांनी १००० हर्ट्झचा सूर ऐकवला, मग वेगळ्या उंचीचा दुसरा. आणि दोन्ही सारखेच मोठे वाटेपर्यंत पातळी बदलत राहिले. त्यातून दिसलं ते असं, की हळू आवाजात कान खर्जाला जवळजवळ बहिरा असतो; आवाज चढला की तो खर्जही नीट ऐकू लागतो.

म्हणून ध्वनिमापकांत कानासारखा खर्ज कमी-अधिक कापणाऱ्या वेगवेगळ्या चाळण्या आल्या. हळू आवाजासाठी ए, मध्यमसाठी बी, मोठ्यासाठी सी. विभागणी शहाणपणाची होती. टिकली नाही. एकच आकडा सगळ्यांना हवा होता, कानाच्या इजेशीही ए-चे आकडे बरे जुळत. मग कुजबुजीसाठी बेतलेली चाळणी कारखान्यांना, विमानांना, सगळ्यांनाच लागली.

आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही तीच आहे : निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डीबी(ए). मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर हिचा घोळ कळतो. ६३ हर्ट्झच्या ठोक्यातून ए सुमारे २६ डेसिबल कापून टाकते. म्हणजे ९०चा ठोका मीटरवर ६४ दिसतो. छाती हादरते, खिडक्यांच्या काचा थरथरतात, तो सगळा भाग आकड्यात जवळपास नसतोच. सी त्यातून एक डेसिबलही कापत नाही. तिची ओळख आपल्या कायद्याला नाही असंही नाही. फटाक्यांच्या १९९९च्या नियमांत चार मीटरवर १४५ डीबी(सी) अशी शिखर-मर्यादा लिहिलेली आहे. सुतळी बॉम्बला सी, डीजेला ए.