तिथी ठरलेली, वाट मोजलेली

शिरूरहून मोरगावकडे किंवा पुढे साताऱ्याला जायचे तर न्हावऱ्यावरून पारगावला भीमा ओलांडायची, केडगाव मागे टाकायचे, चौफुल्याला सोलापूर रस्ता कापायचा आणि सुप्याकडे वळायचे. उन्हाळ्याच्या सुटीत रांजणगावचा महागणपती, सिद्धटेकचा सिद्धिविनायक आणि मोरगावचा मयूरेश्वर एकाच फेरीत करणाऱ्या गाड्या याच पट्ट्यात फिरत असतात. पण ज्येष्ठ वद्य पक्षात एक दिवस असा येतो की, चौफुल्याचा तो रस्ता कोणाच्याच गाडीचा नसतो. यवतचा मुक्काम आटोपून तुकोबारायांची पालखी वरवंडकडे निघालेली असते. त्या दिवशी पंचांग न पाहता घराबाहेर पडलेला प्रवासी दोन-तीन तास काच वर करून बसतो आणि गर्दीला नावे ठेवतो. त्याच गर्दीतल्या माणसाने मात्र वर्षभर आधी आपला दिवस ठरवलेला असतो. वाचकहो, हा दिवस ठरतो कसा, हे जरा खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे.

आपल्या मुलखात प्रवासाची आखणी पूर्वीपासून तिथीवर होत आली. चैत्र-वैशाखात शेत मोकळे असते, बैल मोकळे असतात. त्याच दोन महिन्यांत शिरूर-दौंडच्या गावोगाव जत्रा भरतात. मात्र सगळ्यांची तिथी एक नसते. एका गावची हनुमान जयंतीला, दुसऱ्याची चार दिवसांनी, कुकडीपलीकडच्या निघोजला मळगंगेची चैत्र वद्य अष्टमीला. देवाची तिथी देवाच्या कारणाने ठरते, हे खरेच. पण तिथ्या अशा विखुरल्यामुळे लेकीबाळींना माहेरची आणि सासरची अशी दोन्हीकडची जत्रा करता येते, पाळणेवाल्याला आणि खेळणीवाल्याला एका गावाहून दुसऱ्या गावी जायला उसंत मिळते आणि एका विहिरीवर सगळ्या तालुक्याचा भार येत नाही. कोणी कागदावर आखलेली ही व्यवस्था नव्हे, पण पिढ्यान्‌पिढ्या ती उपयोगी पडली आहे.

पालखीचे गणित याहून कठीण. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी 1685च्या सुमारास पालखी सुरू केली, असे परंपरा सांगते. देहूहून तुकोबांच्या पादुका घ्यायच्या, आळंदीला ज्ञानोबांच्या घ्यायच्या आणि दोन्ही एकाच पालखीतून पंढरीला न्यायच्या, असा तो सोहळा होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा स्वतंत्रपणे उभा केला. हैबतबाबा शिंद्यांच्या चाकरीतले सरदार. मुक्काम कुठे, पुढे कोण, मागे कोण, चोपदाराने हात वर केला की काय करायचे, ही त्यांनी घालून दिलेली शिस्त पाहिली की फौज हलवण्याचा सराव असलेला माणूस दिसतो. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीचा क्रमांक. लाखो माणसे चालतात, तरी आपली दिंडी कुठे असेल ते म्हातारीलाही सांगता येते.

पालख्या वेगळ्या का झाल्या, या वादात आज शिरण्यात अर्थ नाही. परिणाम मात्र डोळ्यांसमोर आहे. आजही दोन्ही पालख्या पुण्यात एकत्र येतात, हडपसरला त्यांच्या वाटा फुटतात. माउली दिवे घाट चढून सासवड-जेजुरीकडे जातात, तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर, यवत, वरवंड, पाटस असे दौंड तालुक्यातून जातात. पुन्हा भेट होते ती वाखरीला. एवढा समुदाय एकाच वाटेने गेला असता तर? खडकवासल्याच्या कालव्याआधीचा हा कोरडवाहू पट्टा ध्यानात आणा. मुक्कामाच्या गावात चार-सहा विहिरी आणि ज्येष्ठातले तळ गाठलेले पाणी. वाटा दोन झाल्या, म्हणून दोन्हीकडची गावे हा पाहुणचार पेलू शकली, असे मला वाटते.

पाहुणचाराचीही वाटणी ठरलेली आहे. लोणी ते यवत हा टप्पा पंचवीस किलोमीटरच्या वरचा, चालून पाय भरून येतात. म्हणून यवतला भैरवनाथाच्या देवळात पिठले शिजते, घराघरांतून भाकरीच्या चळती येतात. पक्वान्न नाही, पण दमलेल्या माणसाला गरम पिठल्यासारखे दुसरे काय लागते? दुसऱ्या दिवशीचा वरवंडपर्यंतचा टप्पा त्यामानाने लहान आहे. त्यानंतर पाटस आणि मग रोटीचा घाट. तिथे रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. लांब टप्प्यामागे आखूड टप्पा आणि चढाच्या आदल्या दिवशी पायाला विसावा, हे जाणत्या वाटाड्याचे काम.

आता उन्हाळ्याचे पाहा. तुकोबांचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीला, माउलींचे अष्टमीला. तिथी हलत नाही, ऋतू मात्र तिच्याखालून सरकतो. चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे दर साल प्रस्थान अलीकडे येते आणि अधिक मास पडला की एकदम मागे जाते. 2018 साली अधिक ज्येष्ठ होता, तुकोबा देहूतून 5 जुलैला निघाले. 2023 साली अधिक महिना श्रावणात पडला, म्हणजे आषाढीनंतर. त्यामुळे प्रस्थान 10 जूनलाच आले. त्यात पावसाने ओढ दिली, पुण्यात मोसमी पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोचला. तोवर पालखी दौंड तालुका ओलांडून गेली होती. त्या साली वारकरी पावसात नव्हे, उन्हाळ्यात चालले. पाण्याचे टँकर किती, दवाखान्याच्या गाड्या कुठे, दुपारचा विसावा कोणत्या झाडाखाली, हे सगळे त्या पंचवीस दिवसांच्या फरकाने बदलते. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली तर एखादा मुक्कामही कमी-जास्त होतो. माउलींच्या वाटेवर लोणंदचा मुक्काम त्यासाठीच कधी लांबतो, कधी आटपतो.

घाई असणाऱ्याला दुसरा मार्ग दीडशे वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. 1858 साली पुण्याहून दौंडमार्गे दिकसाळपर्यंत आगगाडी धावली. 1878 साली दौंड-मनमाड फाटा झाला. 1906 साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडीहून थेट पंढरपूरला जाऊ लागली. चालणे ओसरेल, असे तेव्हा कोणाला वाटले असेल तर नवल नाही. तसे झाले नाही. जाताना पायी आणि येताना गाडीने, अशी सोय लोकांनी करून घेतली. सरकारला या गर्दीची धास्ती वाटे, कारण एकोणिसाव्या शतकात यात्रेत पटकी फुटली की परतणाऱ्यांबरोबर ती गावोगाव पोचे. ती धास्ती अनाठायी नव्हती. 2020 साली साथीमुळे पायी सोहळाच झाला नाही, पादुका 30 जूनला एस.टी.ने पंढरीला गेल्या. 2021 सालीही बसच. दोन वर्षे दौंडच्या गावांत मुक्काम पडले नाहीत.

आज वाट रुंद होते आहे. पाटसपासून बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे जाणाऱ्या चौपदरी पालखी मार्गाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 रोजी झाली, चालणाऱ्यांसाठी कडेला वेगळी पट्टी ठेवण्याचे ठरले. चांगलेच आहे. पण रुंद रस्त्यात बांधावरची जुनी झाडे गेली आणि नवी वाढायला वीस वर्षे लागतील. ज्या साली प्रस्थान 10 जूनसारखे अलीकडे येते, त्या साली डांबर-सिमेंटवर अनवाणी चालणाऱ्याला झाडाचीच गरज असते. पट्टी आखणाऱ्यांनी हे पंचांग जवळ ठेवायला हवे होते, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते.

शिरूरकडच्या मंडळींचे या वाटेशी नाते जुने आहे. तुकोबांना गुरू मानणारे निळोबाराय पिंपळनेरला स्थिरावले, त्याआधी त्यांच्या घराण्याचे कुलकर्णीपण घोडनदीकाठच्या शिरूरचे होते, असे सांगतात. म्हणून भीमेपलीकडची माणसे चौफुल्याला नुसती वाट अडली म्हणून उभी राहत नाहीत. जाणती मंडळी सुटीतली फेरी ठरवताना आधी ज्येष्ठ वद्य सप्तमी कोणत्या तारखेला आहे ते पाहतात आणि तिथून यवत-वरवंडचा दिवस मोजतात. ज्यांना सातारा गाठायचा असतो ते आदल्या दिवशी निघतात. बाकीचे न्हावऱ्याहून भाकरीचे गाठोडे आणि पाण्याचे पिंप टेम्पोत घालून पहाटेच चौफुल्याला येतात, टेम्पो आतल्या रस्त्याला लावतात आणि पहिली दिंडी दिसायच्या आत पेले धुऊन मांडतात.