दिनविशेष : ७ ऑगस्ट

१९२७ : अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात कवी लॅरी आयग्नर यांचा जन्म. प्रसूतीच्या वेळी झालेल्या इजेमुळे सेरेब्रल पाल्सी आयुष्यभर सोबतीला राहिली. तेराव्या वर्षी भेट मिळालेल्या टाइपरायटरवर ते उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा एवढ्यांनीच लिहीत. तीन हजारांहून अधिक कविता अशा उतरल्या. २०१० मध्ये त्या चार खंडांत आल्या. त्यांत आजाराचे रडगाणे फारसे नाही. घराच्या काचबंद ओसरीतून दिसणारे पक्षी, झाडे, ढग, उजेड आहेत. प्रत्येक अक्षराला कष्ट पडत, म्हणूनच बहुधा एकही शब्द उगाच आलेला नाही. उजवीकडे सरकत जाणाऱ्या ओळी आणि मधल्या कोऱ्या जागाही तितक्याच बोलतात. ‘जिद्दीचा नमुना’ म्हणून त्यांच्यापुढे हात जोडणे सोपे आहे. त्यापेक्षा वाचकांनी आज त्यांची एखादी कविता वाचावी.