गोलावरील कोन

भंडाऱ्याचें नांव निघालें कीं पितळेचीं भांडीं आठवतात. भांडें हातोडीनें घडतें. पण त्याचें अंग उजळावें म्हणून त्याला गरगर फिरवून स्थिर हत्याराची धार लावावी लागते. फिरत्या वस्तूस स्थिर धार लागली म्हणजे जें उरतें तें गोलच असतें. लेथचा सारा धर्म एवढाच. सुबक वस्तूस आपण 'कातीव' म्हणतों, त्या शब्दांतहि कातारी बसलेला आहे.

परंतु गोल गजावर षट्कोन, किल्लीची खाच किंवा मळसूत्री पन्हळ कोरावयाची तर काय करावें? येथें धर्म उलटा होतो. हत्यार फिरतें आणि गज मोजून मोजून वळवावा लागतो. पीळदार ड्रिलची पन्हळ पूर्वीं कारागीर कानशीनें कोरीत असत. हें कष्ट वांचविण्यासाठीं अमेरिकेंत जोसेफ ब्राऊन यानें १८६२ सालीं सार्वत्रिक मिलिंग यंत्र सिद्ध केलें. त्यांत गज पुढें सरकतांना दातेरी चक्रांच्या योगें हळूहळू वळतहि असे.

वर्तुळाचे समभाग पाडणारें उपकरण म्हणजे डिव्हायडिंग हेड. त्याची मूठ बहुधा ४० वेळां फिरविली म्हणजे गज एकदां फिरतो. षट्कोनासाठीं प्रत्येक बाजूस सहा पूर्ण फेरे आणि १८ छिद्रांच्या वर्तुळावर १२ छिद्रें पुढें जावें लागतें. एक छिद्र चुकलें तर चूक उघडी पडते ती शेवटची बाजू कापतांना. तोंपर्यंत गज वांया गेलेला असतो.

१९५२ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेंत आंकड्यांच्या आज्ञेनें चालणारें मिलिंग यंत्र दाखविण्यांत आलें. पुढें लांबी, रुंदी, उंची या तीन गतींस गजाच्या वळण्याची चौथी गति जोडली गेली आणि कोनहि एक आंकडाच झाला. आतां सपाट कागदावरील नक्षी गजाभोंवतीं गुंडाळतां येते. मात्र ४० मिलिमीटर व्यासावर एक अंश म्हणजे सुमारें ०.३५ मिलिमीटर, तेथून ५ मिलिमीटर खोल गेल्यास व्यास ३० उरतो आणि तोच अंश ०.२६ वर येतो. अंश तोच, लांबी निराळी, हें यंत्र आपण होऊन सांगत नाहीं.

या विद्येचा भंडाऱ्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. वरठीच्या सनफ्लॅग कारखान्यांत मिश्रपोलादाचे गोल गज होतात. अशोक लेलँडचा गडेगांवचा कारखाना १९८२ पासूनचा, आणि गिअरबॉक्स हें त्याचें मुख्य काम. गिअरबॉक्स म्हणजे तरी काय? गोलावर कोरलेले दांत आणि खाचा. त्यांतील नित्याचे आकार खास यंत्रांवर निघतात. पण वर्तुळाच्या विभागणीचें गणित सर्वत्र तेंच.

यंत्रामुळें हातचें कसब बुडालें, असा विलाप आपण ऐकतों. आमच्या मतें तो अर्धाच खरा आहे. मोजणी यंत्राकडे गेली. गजाचा अक्ष नेमका कोठें आहे हें ठरविणें माणसाकडेच राहिलें. तें शून्य उंचींत ०.१ मिलिमीटर चुकलें तर समोरासमोरच्या दोन बाजूंतील अंतर ०.२ नें चुकतें, आणि यंत्र ती चूक प्रत्येक नगावर इमानानें उतरवितें. पूर्वींची चूक एक गज खाई, आतांची शंभर खाते. म्हणून जिल्ह्यांतील मुलांस केवळ कळ दाबावयास शिकविणें म्हणजे त्यांची फसवणूक होय. शून्य शोधावयास शिकविलें, तरच पितळेस आकार देणाऱ्या हातांचा वारसा पोलादावर चालूं राहील.