जर्मन लष्करी रायफलींवरील निर्माता-चिन्हे व तपासणी-मुद्रा : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना

लष्करी इतिहासाच्या अभ्यासात शस्त्राकडे बहुधा तंत्रज्ञानाचा नमुना म्हणून पाहिले जाते. दप्तरखान्यातील कागदाला जो मान मिळतो तो पोलादावर ठोकलेल्या अक्षरांच्या वाट्यास येत नाही. वस्तुतः जर्मन राज्यव्यवस्थेने आपल्या रायफलींच्या जवळजवळ प्रत्येक भागावर काही ना काही नोंद करून ठेवली आहे. प्रस्तुत लेखात गेवेर ९८ (१८९८) व काराबिनर ९८ के (१९३५) या दोन माउझर रायफलींच्या आधारे या नोंदी कशा वाचाव्यात आणि ते वाचन कोठे फसते, याचा विचार केला आहे.

मुकुटाची अक्षरे

गेवेर ९८ च्या रिसीव्हरवर, म्हणजे बॅरल जेथे बसवली जाते त्या पोलादी कड्यावर, मुकुट, निर्मात्याचे नाव व वर्ष स्पष्ट कोरलेले असते. श्पांडाऊ, एर्फुर्ट, दांत्झिग आणि बव्हेरियातील आम्बेर्ग हे सरकारी कारखाने. ओबेर्नडोर्फचे माउझर, बर्लिनचे डीडब्ल्यूएम आणि झूल गावातील झिमसन, हेनेल, झाउअर, शिलिंग हे खाजगी. रिसीव्हरच्या उजव्या बाजूस मुकुटाखाली गॉथिक वळणाची छोटी अक्षरे ओळीने दिसतात. ती निर्मात्याची नसून तपासनिसांची आहेत. निर्मितीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर भाग स्वीकारल्याची ती पोच होय. दाबाची चाचणी पार पडल्यावर बॅरल व रिसीव्हरवर गरुडाची मुद्रा उमटे. दस्त्यावर राजाचे आद्याक्षर येई. प्रशियाच्या शस्त्रांवर विल्हेल्मचा 'डब्ल्यू' येई, तर बव्हेरियाचे सैन्य आपल्या राजाचे अक्षर वापरी. साम्राज्य एक असले तरी सैन्ये एकजीव झालेली नव्हती, हे येथे पोलादच सांगते.

एकच अक्षर केवढा अर्थ वाहू शकते याचे उदाहरण म्हणून बॅरलवरील 'एस' घ्यावा. १९०३ मध्ये जर्मनीने टोकदार गोळीचे नवे काडतूस स्वीकारले. जुनी गोळी सुमारे ८.०८ मि.मी. व्यासाची होती, नवी ८.२२ मि.मी.ची. जुन्या बॅरलमधून ती झाडणे धोक्याचे असल्याने रूपांतरित रायफलींवर 'एस' ठोकण्यात आला. हे चिन्ह सैनिकाच्या जिवाशी निगडित होते.

महायुद्धानंतरही ही लेखनपरंपरा खंडित झाली नाही. १९२० साली सरकारी मालकीच्या शस्त्रांवर '१९२०' हे अंक ठोकले गेले. त्यामुळे अनेक रायफलींवर दोन वर्षे दिसतात. त्यांपैकी निर्मितीचे वर्ष जुने, हे ध्यानात ठेवावे.

नावाकडून संकेताकडे

व्हर्साय तहाच्या बंधनांखाली लष्करासाठी हलकी शस्त्रे बनविण्याची मुभा झूलच्या झिमसन कंपनीला होती. मालक ज्यू होते. नाझी सत्तेवर आल्यावर १९३५ मध्ये कारखाना त्यांच्याकडून हिरावून घेण्यात आला व पुढील वर्षी कुटुंबाने देश सोडला. त्यानंतरच्या रायफलींवर 'बीएसडब्ल्यू' ही अक्षरे येतात आणि पुढे हा उद्योग नाझी पक्षाच्या गुस्टलॉफ प्रतिष्ठानाच्या नावाने चालू लागतो. संग्राहकांच्या सूचीत हा बदल एका ओळीत उरकला जातो. इतिहासकाराला तसे करून चालणार नाही, कारण त्या एका ओळीत एका घराण्याची लूट नोंदलेली आहे.

याच काळात नावे लपविण्याचे धोरण आले. ओबेर्नडोर्फच्या माउझरसाठी 'एस/४२' हा संकेत ठरला. १९३४ व १९३५ ही वर्षेही अनुक्रमे 'के' व 'जी' या अक्षरांआड गेली. पुढे 'एस' गळून केवळ '४२' उरले आणि १९४१ पासून त्याच कारखान्याला 'बीवायएफ' हे त्रिअक्षर मिळाले. 'बीएनझेड' म्हणजे ऑस्ट्रियातील श्टायर, 'डीओटी' म्हणजे ताब्यात घेतलेला ब्रनो येथील कारखाना, 'बीसीडी' म्हणजे वायमारचा गुस्टलॉफ. यांतील शेवटच्या कारखान्याने बुखेनवाल्ड छळछावणीलगत उभारलेल्या शाखेत १९४३ पासून कैद्यांना रायफलींच्या कामास जुंपले होते. त्या हातांची खूण मात्र कोणत्याही मुद्रेत नाही. मुद्रा फक्त तपासनिसाची.

वाचनातील चकवे

गरुडाखाली 'वाए' व अंक असलेली वाफेनाम्टची मुद्रा पाहून अनेक जण तो अंक कारखान्याचा समजतात. ओबेर्नडोर्फच्याच रायफलींवर आरंभी ६३, नंतर ६५५ आणि १९४२ पासून १३५ आढळतो. उलट ६३ हा अंक पुढे ब्रनोच्या रायफलींवर दिसतो. अंक तपासणी-अधिकाऱ्याच्या पथकाचा होता. पथक हलले की अंकही हलला.

दुसरा चकवा क्रमांकाचा. प्रत्येक कारखाना दरवर्षी एकपासून दहा हजारांपर्यंत मोजून पुढे 'ए', 'बी' अशी अक्षरे जोडी. म्हणून एकच क्रमांक अनेक रायफलींवर असू शकतो. कारखाना व वर्ष सोबत नसेल तर तो निरर्थक ठरतो. येथे एक भारतीय संदर्भ सहज आठवतो. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात क्रांतिकारकांनी रोडा कंपनीची ५० माउझर पिस्तुले पळविली. कंपनीने क्रमांकांची यादी जपली होती आणि पुढे सापडलेली पिस्तुले पोलिसांनी त्याच यादीवरून ओळखली. क्रमांकाला अर्थ येतो तो अशा सोबतच्या कागदामुळे.

तिसरी अडचण पुनर्वापराची. युगोस्लाव्हियाने हाती आलेल्या रायफली दुरुस्त करताना जर्मन चिन्हे घासून आपले राजचिन्ह उमटविले. इस्रायलच्या काही रायफलींवर मात्र स्वस्तिकधारी गरुड आणि डेव्हिडचा तारा शेजारी शेजारी राहिले. बनावटगिरीही मोठी आहे, विशेषतः एस.एस.च्या चिन्हांची, कारण त्यांना बाजारात भाव मिळतो. ठशाने धातू बाजूस ढकलला जाऊन कडा किंचित उंचावते. कोरलेल्या अक्षरात तसे होत नाही. मूळ ठसा सहसा निळसर मुलाम्याखाली असतो, तर नंतरचा तो मुलामा फोडून वर येतो. भिंगाखाली हा फरक दिसतो. म्हणून संग्रहालयाच्या नोंदवहीत 'जर्मन रायफल, दुसरे महायुद्ध' एवढे लिहून न थांबता रिसीव्हर, बॅरल, बोल्ट व दस्ता या चारही भागांवरील चिन्हे स्वतंत्रपणे, जशी दिसतात तशी उतरवून घ्यावीत आणि घासलेल्या जागांचीही नोंद ठेवावी.