बंदुकीतला बोळा

"कंपनीची बस आज ठासून भरली होती." "साहेबांचं भाषण म्हणजे निव्वळ फुसका बार!" ही असली वाक्यं आपण दिवसातून चार वेळा बोलतो. बोलताना बंदूक काही डोळ्यांसमोर येत नाही. पण तोंडाने भरायच्या बंदुकीला मराठीत अजूनही ठासणीची बंदूकच म्हणतात, आणि नळीत दारू भरपूर असूनही बार फुसका का निघतो, हे ज्याला कळलं त्याला बंदुकीचं निम्मं शास्त्र कळलं. त्या निम्म्या शास्त्राचं नाव आहे बोळा. आजचा लेख त्याच्यावर. (हो, अख्खा लेख. विकेंड आहे, चहा घ्या आणि बसा.)

मी मूळचा जळगावचा, पोटापाण्यासाठी पुण्यात कोड लिहितो. खान्देशच्या इतिहासावर हाती लागेल ते वाचायची सवय आहे. त्या वाचनात भिल्ल, तोड्याच्या बंदुका, काडतुसं आणि वाघांच्या शिकारी सारख्या भेटतात. बोळा मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो. तलवारींना नावं असतात, तोफांना नावं असतात, बोळ्याला कोण नाव देणार?

आधी तो करतो काय, ते बघू. ठासणीच्या बंदुकीची नळी मागून बंद असते. पुढून आधी दारू ओतायची. तिच्यावर चिंधीचा, कागदाचा किंवा काथ्याचा बोळा गजाने ठासून बसवायचा. मग छर्रे, आणि ते घरंगळून बाहेर येऊ नयेत म्हणून वर आणखी एक हलका बोळा. दारू पेटली की तिचा वायू होतो आणि तो वाट शोधू लागतो. बोळा घट्ट असेल तर वायू त्याला ढकलतो आणि बोळा छर्‍यांना. सैल असेल तर वायू कडेने निसटून छर्‍यांमध्ये घुसतो. मग आवाज होतो, धूर होतो, आणि छर्रे कुठेतरी भलतीकडे विखुरतात. झाला फुसका बार! आमच्या भाषेत सांगायचं तर दारू हे एक मोड्यूल, छर्रे दुसरं, आणि बोळा म्हणजे मधला इंटरफेस. दोन्ही मोड्यूल चोख असूनही सिस्टिम कुठे झोपते, हे ज्यांनी रिलीजच्या रात्री जागून काढल्या आहेत त्यांना सांगायला नको.

पण खरी गंमत पुढे आहे. काळी दारू, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण, पूर्णपणे जळून जात नाही. वजनाने निम्म्याहून जास्त भाग घन स्वरूपात मागे उरतो. त्यातला काही धूर होऊन जातो आणि काही नळीच्या आतल्या बाजूला काजळीचा थर होऊन बसतो. हवा दमट असली तर हा थर मऊ राहतो. कोरडी असली तर कढईला लागलेल्या करपासारखा कडक होतो, आणि दर बाराला पुढचं ठासणं अवघड होत जातं. उपाय जुनाच आहे: बोळ्याला चरबी, तूप किंवा मेण लावायचं. बोळा जाता जाता थर मऊ करतो आणि थोडा पुसूनही नेतो.

आता हे सगळं वैशाखातल्या खान्देशात आणून बघा. जळगाव-भुसावळचं तापमान ४५ अंशांना टेकतं. हवा इतकी कोरडी की थर कडक होणारच, म्हणजे चरबी हवीच. पण गुराची चरबी चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास वितळू लागते. तूप तर त्याच्याही आधी पातळ होतं. वितळलेली चरबी बोळ्यातून झिरपून खालच्या दारूत उतरली की दारू पेटेल याचा भरवसा नाही. मधमाश्यांचं मेण मात्र साधारण ६२ अंशांपर्यंत टिकतं. म्हणून उष्ण मुलखात मेण जास्त आणि चरबी कमी हवी, आणि चरबीचा बोळा व दारू यांच्यामध्ये एक कोरडी चकती हवी. शिवाय कोरडा कागद किंवा चिंधी धुमसत बाहेर पडते. कडब्याच्या गंजीजवळ किंवा सागाच्या वाळल्या पानांत ती पडली तर पुढचं सांगायला नको. थोडक्यात, लंडनला चालणारा बोळा यावलला चालेलच असं नाही. जो बार टाकणार, त्यानेच आपला मुलूख आणि ऋतू बघून बोळा निवडायचा असतो.

माझ्या मते हा "निवडायचा कुणी" हाच यातला खरा प्रश्न आहे, आणि खान्देशच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश कंपनी सरकारकडे आला. सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल काही सरकारला जुमानेनात. तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटने भिल्लांचीच पलटण उभी केली: खान्देश भिल्ल कोअर, मुख्य ठाणं धरणगाव. आउट्रमने भिल्लांचा विश्वास कमावला तो त्यांच्याबरोबर वाघांच्या मागे रानोमाळ हिंडून. तीरकामठा वापरणार्‍या माणसाच्या हाती कंपनीची बंदूक आली आणि तिच्याबरोबर कागदी काडतूस आलं. त्यात दारू आणि गोळी मोजून बांधलेली. कागद फाडायचा, दारू ओतायची आणि उरलेला कागद गोळीसकट ठासायचा. म्हणजे काडतुसाचा कागदच बोळा! सोय झाली यात शंका नाही. पण बोळा कशाचा असावा हे शिपायाने ठरवायचे दिवसही तिथेच संपले. ते आता कारखान्यात ठरणार होतं.

याची किंमत १८५७ मध्ये मोजावी लागली. एनफिल्ड रायफलचं काडतूस आपण शाळेत शिकलो, गाईची आणि डुकराची चरबी वगैरे. पण ती चरबी तिथे का होती हे कुठल्या गुरुजींनी सांगितल्याचं मला आठवत नाही. रायफलच्या नळीत आटे असतात, त्यामुळे गोळी नीट बसवावी लागते. गोळीभोवतीचा कागद वंगण लावलेला नसेल तर ती आत सरकत नाही, आणि काजळीचा थर धरला की मुळीच नाही. म्हणजे तो कागद हाही एका अर्थी आपला बोळाच. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला कुजबुज सुरू झाली. महिना संपायच्या आत सरकारने परवानगी दिली की शिपायांनी हवं ते वंगण स्वतः आणून लावावं. पुढे दाताऐवजी हाताने कागद फाडायलाही मुभा मिळाली. तांत्रिक दृष्टीने हे उत्तर अगदी बरोबर होतं. पण तोवर विश्वास उडाला होता. जी निवड आधीच शिपायाच्या हातात असायला हवी होती, ती बोभाटा झाल्यावर दिली, आणि त्याचाही अर्थ "म्हणजे आधी चरबी होतीच तर!" असाच लावला गेला. आणखी एक गोष्ट. सुरुवातीच्या वंगणात चरबी जास्त आणि मेण कमी होतं. पुढच्या काळात हे प्रमाण उलटं झालं. मेण उन्हात टिकतं, हे यावलच्या शिकार्‍याला विचारलं असतं तरी कळलं असतं.

आता कुणी म्हणेल, मग खान्देशातला उठावही काडतुसावरूनच झाला का? नाही. खाज्या नाईक (सरकारी कागदांत काजरसिंग) सेंधवा घाटाच्या रखवालीवर नोकरी केलेला माणूस. त्याने आणि भीमा नाईक यांनी १८५७ च्या अखेरीस सातपुड्यात उठाव केला, तो सत्ता डळमळलेली दिसली म्हणून. त्यांच्या माणसांकडे तीरकामठे होते आणि जोडीला तोड्याच्या बंदुका. त्या बंदुकांत दारू सुटी आणि बोळा मिळेल त्या चिंधीचा. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला कंपनीच्या फौजेशी मोठी लढाई झाली. भिल्लांचं भयंकर नुकसान झालं, आणि पकडलेल्यांपैकी कित्येकांना तिथल्या तिथे गोळ्या घातल्या गेल्या. एप्रिलचा सातपुडा म्हणजे ऊन, कोरडी हवा आणि कडक होणारी काजळी. तोंडाने बंदूक भरणार्‍या माणसाला दुसरा बार टाकायला लागणारा वेळ म्हणजेच त्याचा जीव. आपण बोळ्याबद्दल बोलतोय खरं, पण तो नळीत अडकला तर काय होतं, हे अशा जागी कळतं.

यातून सरकार एक धडा शिकलं: हत्यार लोकांच्या हातात नको. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. भारतीयांना परवाना सक्तीचा, युरोपियनांना मोकळीक. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासूनच या कायद्यात बदल मागितला. बंदूक, दारू, काडतूस, सगळं कायद्यात आलं. चिंधीला तेवढा परवाना लागला नाही!

दरम्यान साहेब लोकांकडे मागून भरायच्या १२ बोअरच्या बंदुका आल्या. १२ बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा व्यास, साधारण साडेअठरा मिलिमीटर. आता बोळ्याची फॅक्टरीतली चकती झाली. दारूवर कडक पुठ्ठा, त्यावर लोकरीच्या नमद्याची वंगण लावलेली जाड चकती, मग छर्रे, वर पातळ पुठ्ठा. पावसाळ्यात कागदी काडतूस फुगून नळीत जाईना, म्हणून हिंदुस्थानात पितळी काडतुसं सोयीची. पण पितळेची भिंत पातळ, त्यामुळे आतला व्यास मोठा. तिथे १२ नंबरची चकती सैल पडते, ११ किंवा १० नंबरची लागते. (आकडा लहान म्हणजे वस्तू मोठी. असला उलटा इंडेक्स कुणी ठेवला, असं विचारू नका. आपणही शून्यापासून मोजतो.) लेबलवरचा आकडा खरा आणि तरी चकती चुकीची. इथेही शेवटी माणसाने हातात घेऊन, बसवून बघावंच लागतं.

१९६० च्या दशकापासून प्लास्टिकचा कप आला. एकाच तुकड्यात पुठ्ठा, नमदा आणि छर्‍यांची वाटी. पण तो बिनधुराच्या दारूसाठी बनलेला. काळ्या दारूच्या उष्णतेने तो नळीत वितळून चिकटतो. म्हणून जगभरात काळी दारू वापरणारे हौशी लोक आजही पुठ्ठा आणि नमदाच निवडतात. नवी लायब्ररी जुन्या कर्नलवर चालत नाही, तसंच.

आणि खान्देश? जळगाव जिल्ह्यातच, १९६० च्या दशकात वरणगावला आयुध निर्माणी उभी राहिली. रायफलची काडतुसं तिथे यंत्रावर बनतात. त्यांत बोळा नाहीच. तांब्याच्या मिश्रधातूचा मुलामा दिलेली गोळी स्वतःच नळीच्या आट्यांत घट्ट बसते आणि वायू अडवते. इंटरफेस मोड्यूलमध्येच विरघळून गेला म्हणा ना. शिकारही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संपली, आणि ते बरंच झालं. आउट्रमच्या काळात वाघांनी भरलेल्या या मुलखात आज यावलच्या जंगलात वाघाची चाहूल लागली तरी बातमी होते.

एक जागा मात्र शिल्लक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातलं कलम १३ उघडून बघा. खर्‍याखुर्‍या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची त्यात वेगळी तरतूद आहे. केळीच्या बागेत रानडुकरं शिरतात तेव्हा नुसता आवाज काढून ती पळवायची असली, तरी दारूवर बोळा घट्ट लागतोच. तो कागदाचा की काथ्याचा, कोरडा की मेणाचा, हे कायद्याने सांगितलेलं नाही. ते अजूनही ज्याची केळी, त्यानेच ठरवायचं.