सायनस शस्त्रक्रियेची पुनरावृत्ती

दुर्बिणीतून केलेली सायनसची शस्त्रक्रिया फसली की दोष शल्यचिकित्सकाला दिला जातो. काही वेळा तो खराही असतो. सायनसच्या अस्तरावरील सूक्ष्म केस श्लेष्मा नैसर्गिक छिद्राकडेच ढकलतात, हे ऑस्ट्रियातील ग्राझ येथील मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिले. ते छिद्र सोडून शेजारी नवे पाडले, तर एकातून निघालेला श्लेष्मा दुसऱ्यातून पुन्हा आत शिरतो. हाडाचे पडदे अर्धवट राहणे, व्रण चिकटून वाट बुजणे हीही कारणे आहेत. मात्र निर्दोष शस्त्रक्रियेनंतरही पॉलिप (अस्तराच्या सुजेतून वाढणाऱ्या मऊ गाठी) परतू शकतात, कारण रचना सुधारली तरी दाह उरतो. दमा असलेल्यांत किंवा ॲस्पिरिन न सोसणाऱ्यांत हा धोका अधिक. चेन्नईसारख्या उष्ण, दमट शहरात बुरशीच्या ॲलर्जीचाही विचार करावा लागतो: चिकट स्राव काढता येतो, ॲलर्जी नाही.

मग शस्त्रक्रिया कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो; पण बंद सायनसमध्ये स्टेरॉइडचे औषध नीट पोहोचतच नाही. शस्त्रक्रिया वाट उघडते, उपचार त्यानंतर चालू राहतो. दुसऱ्या खेपेस ओळखीच्या खुणा नाहीशा झालेल्या असतात आणि डोळा व मेंदू अगदी लगत असतात. म्हणून नवा सीटी स्कॅन आवश्यक. रुग्णाने जुने अहवालही जपून ठेवावेत.